खोली करून राहणारी माणसं

दहावीचा निकाल लागला की अंबाजोगाईच्या गल्ल्यांतून छोटे हत्ती फिरू लागतात. गाडीत सामान फार नसतं. लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, पाच किलोची टाकी, पत्र्याची पेटी, गोणीभर ज्वारी, त्यावर टाकलेली गादी आणि गादीवर बसलेली दोन पोरं. पुढे चालकाशेजारी आई बसलेली असते, मांडीवर देवाचा फोटो घेऊन. बाप मागून मोटारसायकलवर येतो, सामान उतरवून देतो आणि दिवस मावळायच्या आत गावाकडे परततो, कारण धार काढायला तिथं दुसरं कोणी नसतं. आमच्याकडे याला ‘खोली करून राहणं’ म्हणतात. शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी, कधी भावकीच्या भांडणातून सुटका म्हणून माणसं तालुक्याला येतात आणि खोली करून राहतात.

ही माणसं वजा केली तर आमच्या गावाचा बाजार ओस पडेल. बालाघाटच्या डोंगरावर वसलेलं हे गाव मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या समाधीमुळे मराठी वाचकांना ठाऊक आहे. निजामाच्या काळात याचं नाव मोमिनाबाद होतं. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली इथं सुरू झालं. शाळा आणि दवाखाना या दोन गोष्टींनी अंबाजोगाई वाढवली, आणि दोन्ही ठिकाणी येणारी माणसं बाहेरची. खुद्द ग्रामदेवतेची कथासुद्धा तशीच आहे. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैद्यनाथाशी लग्न लावायला निघाली, मुहूर्त टळला आणि ती इथंच राहिली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. बाहेरून येऊन राहिलेल्या देवीला गावानं आई मानलं. बाहेरून येऊन राहणाऱ्या माणसांचं मात्र अजून नीट ठरलेलं नाही.

माझी आई अशीच आम्हा भावंडांना घेऊन इथं आली. वडील गावी शेती बघत. एका वाड्याच्या मागच्या बाजूची खोली आम्हाला मिळाली होती. चूल आत, न्हाणी बाहेर, संडास चार बिऱ्हाडांत मिळून एक. त्या खोलीत राहून मला एक गोष्ट फार लवकर कळली. शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून दोनदा येतो आणि भाडं बारा वेळा द्यावं लागतं. तेव्हा मूग-उडीद आणि ज्वारी होती, आता सोयाबीन आणि तूर आहे. पण हिशेब बदललेला नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकलं जातं, तूर संक्रांतीनंतर. जून ते सप्टेंबर हे चार महिने हातात काहीच नसतं, आणि नेमकं तेव्हाच बी-बियाणं, शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि नव्या खोलीचं डिपॉझिट एकदम उभं राहतं. आमच्या मालकीणबाई भाडं सुगीवर घेत. “आमचंबी शेतीचंच घर हाय, मला सांगू नका,” असं म्हणत आणि विषय संपवत. भाड्याची मदत मी पहिल्यांदा पाहिली ती ही. तिच्या मागं योजना नव्हती, अर्ज नव्हता. पण त्या समजुतीमुळे आम्ही शिकलो. आज अशी मालकीण मिळाली तर नशीब म्हणायचं. आता बहुतेक ठिकाणी पाच तारखेच्या आत भाडं आणि दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आधी, हाच रिवाज आहे.

लहान गावात खोली शोधायला दलाल फारसे नसतात. किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, दूधवाला आणि आधीच राहणारा पाव्हणा, यांच्याकडून कळतं. कुठं दारावर खडूनं ‘खोली भाड्याने देणे आहे’ लिहिलेलं असतं. मग विचारपूस सुरू होते. “कुठून आलाव? माणसं किती? पाव्हणे लई येतेत का?” भाडेकरूचाही पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो भाड्याचा नसतो: “पाणी किती दिवसाला येतं?” मराठवाड्यात खोलीची खरी किंमत पाण्यावर ठरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडेही मांजरा धरण कोरडं पडलेलं होतं. त्या उन्हाळ्यात बोअर असलेल्या घरातली अंधारी खोली मोठ्या हवेशीर खोलीपेक्षा महाग गेली. ज्यांना ती परवडली नाही त्यांनी टँकरचं पाणी विकत घेतलं. त्यांचं भाडं कागदावर कमी होतं, महिन्याचा खर्च मात्र जास्त.

विजेचंही असंच आहे. चार बिऱ्हाडं एका मीटरवर असतात आणि मालक आतल्या छोट्या मीटरवरून युनिटमागे ठरावीक पैसे घेतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढची महाग. दोन दिवे आणि एक पंखा लावणाऱ्या घराचा वापर शंभरच्या आत सहज राहतो. पण चार घरांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि सगळ्यांना महाग दर लागतो. म्हणजे सर्वांत कमी वीज वापरणाऱ्याला ती सर्वांत स्वस्त मिळायला हवी, ती मिळत नाही. यात मालकाची लबाडी असेलच असं नाही. वेगळं मीटर घ्यायचं तर भाडेकरूच्या नावाचा कागद लागतो, आणि सगळं तिथंच अडतं.

आमच्या भागात पत्र्याची एक खोली दीड-दोन हजारांना मिळते. स्लॅबच्या दोन खोल्या, आत संडास-बाथरूम असेल तर चार-साडेचार हजार. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण इथं कापडदुकानातल्या मुलाला महिन्याला आठ हजार मिळतात आणि खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला नऊ-दहा. आठ हजारांतले दोन हजार भाड्याला गेले आणि आठशे विजेला-पाण्याला, तर राहिलेल्यात किराणा, दवाखाना, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं बसवायचं असतं. घर परवडतं की नाही हे भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही, भाडं दिल्यावर हातात काय उरलं यावरून कळतं.

पैसे असूनही खोली मिळत नाही, असंही होतं. विचारपूस करता करता एक प्रश्न येतो: “आडनाव काय म्हणालात?” आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव, गावावरून नाही लागला तर पाव्हणे कोण, आणि तरीही नाही तर सरळ, “म्हणजे तुम्ही कोण?” उत्तर ऐकल्यावर नकार कधी तोंडावर दिला जात नाही. “कालच एकांना शब्द दिला,” “आमचा पुतण्या येणार आहे,” “आम्ही फक्त शाकाहारी लोकांना देतो.” दलित कुटुंबांना आणि मुसलमानांना ठरावीक वस्त्यांबाहेर खोली मिळवताना काय ऐकावं लागतं, हे मी शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षं माझ्या विद्यार्थ्यांकडून ऐकत आले आहे. बारावीला चांगले गुण मिळवलेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, खोली बघायला मी मैत्रिणीला पुढं पाठवते, तिचं आडनाव चालतं.” एकट्या राहणाऱ्या बाईचीही अशीच उलटतपासणी होते. नर्स असेल तर रात्री दहाला फाटक बंद होतं हे तिला बजावलं जातं. तिची पाळी रात्री आठला सुरू होऊन सकाळी संपते, याचा विचार फाटक लावणारा करत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा कोलंबिया विद्यापीठातलं आणि लंडनमधलं शिक्षण त्यांच्या पाठीशी होतं. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीची गाडी सुटेपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एका खोलीच्या अभावी बडोदे संस्थानानं केवढा माणूस गमावला! माझ्या विद्यार्थिनीचं बोलणं ऐकलं तेव्हा मला हे आठवलं आणि फार शरम वाटली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी खोली मागायला मैत्रिणीला पुढे करावं लागतं.

घरमालकांकडे बोट दाखवून मात्र हा विषय संपत नाही, कारण लहान गावातला घरमालक क्वचितच श्रीमंत असतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी यजमानांच्या निवृत्तीच्या पैशातून वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या. यजमान गेले, आणि आता त्या खोल्यांचं भाडं हीच त्यांची पेन्शन आहे. भाडेकरूशी वागायला त्या मायाळू आहेत. पण करार करा म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. “कागद केला की माणूस घट्ट बसतो, बाई. मग कोर्टात कोण जाणार?”

ही भीती त्यांच्या एकट्याची नाही, तिला इतिहास आहे. हैदराबाद राज्यात १९५० साली कूळवहिवाटीचा कायदा आला आणि संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क मिळाला. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचंच झालं. पण ज्यांच्या जमिनी ‘कुळात गेल्या’ त्या घरांनी पुढच्या पिढ्यांना एकच धडा दिला, की दुसऱ्याचं नाव आपल्या कागदावर येऊ द्यायचं नाही. शेतातली ती धास्ती घराच्या खोलीपर्यंत आली. घरभाड्याच्या जुन्या कायद्यांनीही तिला खतपाणी घातलं. महाराष्ट्राच्या तीन भागांत तीन कायदे होते: मुंबई इलाख्यात १९४७ चा, विदर्भात १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा. मुंबईत भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचल्या. त्या बातम्या इथवर आल्या आणि भाडेकरू म्हणजे न निघणारा माणूस, ही समजूत पक्की झाली.

तिन्ही कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी आमच्या गल्लीत तो पोचलेला नाही. त्या कायद्यात मालकाची भीती घालवणारी तरतूद आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला असेल आणि मुदत संपूनही राहणारा निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मिळवता येतं, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. भाडेकरूच्या बाजूनंही त्यात बरंच आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूचं पाणी किंवा वीज विनाकारण तोडता येत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. म्हणजे ज्या कागदाला काकू भितात त्यात त्यांचं संरक्षण आहे, आणि कागद न करण्यात त्यांचा धोका आहे. हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. नगरपरिषदेनं, तहसील कार्यालयानं, वकिलांच्या संघानं एकदा चौकात मंडप टाकून हे सांगितलं असतं, तर कितीतरी घरांतली भीती गेली असती.

‘अकरा महिन्यांचा करार’ हा शब्दही सगळ्यांच्या तोंडी आहे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं ती पळवाट बंद केली, पण नुसत्या स्टँपवर सह्या करून तो कागद कपाटात ठेवण्याची सवय चालूच आहे. अशा कागदाचा कुणालाच उपयोग नसतो. नोंदणीचा खर्चही लोकांना वाटतो तेवढा नाही. तीन हजार भाडं आणि दहा हजार डिपॉझिट असेल तर वर्षाचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशेबानं शंभर रुपयांच्या आसपास येतं आणि नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत हजार रुपये. आता ती घरबसल्या ऑनलाइनही होते. करून देणारा त्याची फी वेगळी घेतो. दोघांनी मिळून खर्च वाटून घेतला तर एकेकाच्या वाट्याला फार येत नाही.

अनेक मालक कागद टाळतात त्यामागे घरपट्टीही आहे. नगरपरिषदेची घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर ठरते, तेव्हा भाडेकरू दाखवला की पट्टी वाढेल, ही धास्ती असते. मग भाडेकरूला ‘आमचा पाव्हणा’ म्हणून सांगितलं जातं. तो पाव्हणा दहा वर्षं राहतो, गावात कर देणाऱ्या दुकानांतून माल घेतो, मुलं इथल्या शाळेत घालतो आणि सरकारदप्तरी तो इथं राहतच नाही. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडे. मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून शाळेत घालायचं तर राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तो नसला की अर्ज बाद. भाड्यानं राहणारा गरीब असतो म्हणून ती जागा ठेवलेली, आणि भाड्यानं राहण्याचा पुरावा नाही म्हणून ती त्याला मिळत नाही.

सरकारी मदतीचा विचार करताना मला हीच गोष्ट सतत दिसते. आपल्याकडे घराची मदत म्हणजे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागात जून २०१५ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये मिळू लागले. हजारो कुटुंबांची पत्र्याची घरं पक्की झाली, आणि ते फार चांगलं झालं. पण अट ‘स्वतःच्या जागेवर’ अशी आहे. ज्याच्या नावावर वीतभर जागा नाही, त्याला त्या अडीच लाखांतला एक रुपयाही मिळत नाही. दोन हजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी अडीच लाख म्हणजे १२५ महिन्यांचं, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाचं भाडं आहे. तेवढ्या काळात मूल पहिलीतून दहावीपर्यंत जातं. घरकुल देऊ नका असं मी म्हणत नाही. पण ज्याला घर बांधणं शक्यच नाही त्याच्या डोक्यावरच्या छपराचाही सरकारनं त्याच गांभीर्यानं विचार करायला हवा.

२०२० साली टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा शहरात त्यांना हक्काचं भाड्याचं घर नव्हतं हे साऱ्या देशानं पाहिलं. त्याच वर्षी केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना काढली, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरं हा स्वतंत्र भाग ठेवला. विचार योग्य दिशेनं निघाला आहे. तो तालुक्याच्या गावात उतरायचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात सुमारे एक कोटी दहा लाख घरं रिकामी होती आणि शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७ टक्के कुटुंबं भाड्यानं राहत होती. रिकामी घरं आणि घर शोधणारी माणसं एकाच वस्तीत असूनही त्यांची गाठ पडत नाही, कारण मधे भीती आहे.

भाड्याला मदत करणं सरकारला जमत नाही असं मात्र नाही. सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देतंच. सातव्या वेतन आयोगात लहान गावांसाठी मूळ पगाराच्या ८ टक्के आणि किमान १,८०० रुपये असा दर ठरला, आणि पुढे महागाई भत्त्याबरोबर तो वाढत गेला. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्याला भाड्याची मदत लागते, हे सरकारला मान्य आहे. तीच गरज कापडदुकानातल्या मुलाला आणि रात्रपाळीच्या नर्सला आहे, त्यांच्यासाठी भत्ता नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे पाऊल पडलं. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. जेवण, निवास आणि निर्वाह यांसाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महानगरपालिकांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. इतर मागास, भटक्या आणि विमुक्त समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आली. तालुक्याच्या ठिकाणी ही मदत ३८ हजारांची, त्यातले निवासाचे १० हजार. दहा महिन्यांचा हिशेब केला तर महिना एक हजार. तिघांनी मिळून एक खोली घेतली की भागतं. ज्या माणसाला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याच्या नावानं आज पोरांच्या खोलीचं भाडं दिलं जातं, याचा मला फार अभिमान वाटतो. ही योजना नसती तर शिक्षण सोडून ऊसतोडीला गेली असती अशी मुलं मी वर्गात शिकवली आहेत.

पण पैसा उशिरा येतो. मालक थांबत नाही, खानावळवाला थांबत नाही, आणि हप्ता वर्ष सरता सरता जमा होतो. तोवर बाप व्याजानं पैसे काढतो. अर्जाला भाड्यानं राहत असल्याचा पुरावा जोडायचा असतो, आणि मालक म्हणतो, “राहा की बाबा, पण माझं नाव कुठं देऊ नको.” इथंही कागदच आडवा येतो. भाड्याची कोणतीही मदत, आजची किंवा उद्या येणारी, त्या एका कागदावरून जाते. म्हणून तो कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. गावाकडच्या मुलाला शाळेच्या आधी छप्पर लागतं हे त्यांनी ओळखलं होतं. वसतिगृहांची ती परंपरा चालू ठेवायलाच हवी, पण आता खोली करून राहणाऱ्यांत विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आया आहेत, नर्सेस आहेत, मजूर आहेत, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाणारे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी गावानं काय केलं?

आपल्या नगरपरिषदा व्यापारी संकुलं बांधतात, गाळ्यांचा लिलाव करतात, भाडं वसूल करतात आणि करारही नोंदवतात. म्हणजे बांधणं, भाड्यानं देणं आणि हिशेब ठेवणं त्यांना येतं. त्याच संकुलावर आणखी एक मजला चढवून नर्सेससाठी, एकट्या बायकांसाठी, मुलांना घेऊन आलेल्या आयांसाठी वीस-पंचवीस खोल्या काढता येतील. दिव्यांगांसाठी नगरपरिषदेला उत्पन्नातले ५ टक्के राखून ठेवावे लागतात. त्यातून भाड्यानं राहणाऱ्या दिव्यांगाला मदत देता येईल. करार नोंदवून भाडेकरू ठेवणाऱ्या लहान घरमालकाची पट्टी काही वर्षं न वाढवण्याचा ठराव झाला, तर काकूंसारख्यांची निम्मी भीती जाईल. यातल्या कशालाही मोठं धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही. नगरसेवक मत मागायला दारात येतील तेव्हा रस्ता आणि नाली यांच्या जोडीला हेही मागितलं पाहिजे. भाडेकरूचं मत इथं नसतं म्हणून तो मागू शकत नाही. म्हणून ते मागण्याची जबाबदारी ज्यांचं मत इथं आहे त्यांची, म्हणजे आपली.

घरमालकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडची खोली देताना माणसाचं आडनाव विचारू नका. भाडं घेतलं की पावती द्या. करार नोंदवा, तो तुमचंही रक्षण करतो आणि समोरच्याच्या मुलाला शाळेत जागा, विद्यार्थ्याला स्वाधार आणि आईला रेशन मिळवून देतो. आणि समोरचं कुटुंब शेतकऱ्याचं असेल तर पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं भाडं सुगीवर घ्यायला काय हरकत आहे, एवढा विचार करा. तुमचं पुढच्या महिन्यांत वसूल होईल. त्या घरातली मुलगी मात्र त्याच चार महिन्यांत शाळा सोडते.